पाटीमागची भिंत

निपाणीचे आमचे जुने घर गेल्या वर्षी विकले गेले. भावाभावांतील वाटणी सामोपचाराने झाली, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. थोरल्यांनी देव घेतले, धाकट्याने सागवानी कपाट आणि तांब्यापितळेची भांडी घेतली. ‘तुला काय हवे?’ असे विचारताच आम्ही दाराच्या उजव्या अंगाच्या भिंतीकडे बोट दाखवले. तेथे वडिलांच्या नावाची पितळी पाटी होती. धाकटा हसला. म्हणाला, “दादा, मोडीत घातली तर किती येतील?” आम्हीही हसलो. परंतु स्क्रू काढून पाटी हातात आली तेव्हा दोघांपैकी कोणालाच हसू आले नाही.

पाटी दीड फूट लांब, पाऊण फूट उंच आणि तीन मिलिमीटर जाड आहे. वजन अडीच किलो भरते. यंत्राचा स्पर्श तिला झालेला नाही. पत्रा कानशीने घासून चौकोनी केलेला, अक्षरे छिन्नीने कोरलेली आणि कोरलेल्या खाचांत काळी लाख भरलेली. पहिल्या ओळीत वडिलांचे नाव. दुसऱ्या ओळीत ‘मु. निपाणी, ता. चिकोडी’. अगदी खालच्या काठाला टेकून तिसरी ओळ आहे : ‘जि. बेळगाव, मुंबई राज्य’.

वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दिवाणजींच्या ऐपतीची ती वस्तू नव्हे. १९५५ साली गावातील एका कासाराचे हिशेब घोटाळ्यात सापडले होते. वडिलांनी तीन महिने रात्री कंदिलाजवळ बसून त्याच्या वह्या नीट लावून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. ज्याने आयुष्यभर भांडी घडवली त्याने मग उपकार फेडण्यासाठी अक्षरे घडवली. त्याला ते काम सोपे गेले नसावे. पाटी भिंतीवरून उतरली तेव्हा तिची पाठ आम्ही जन्मात प्रथमच पाहिली. तेथे त्याने तीन वेळा ‘ण’ कोरून पाहिला आहे. पहिला ‘ण’ कोलमडलेला, दुसरा बरा, तिसरा ठसठशीत. निपाणीतला ‘ण’ त्याला छळत होता, हे सत्तर वर्षांनी उघडकीस आले.

पाटी भिंतीवर चढून वर्ष-दीड वर्ष झाले असेल नसेल, तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तिसरी ओळ एका रात्रीत खोटी पडली. कासार स्वतः कानस घेऊन आला आणि म्हणाला, ‘दिवाणजी, एवढी ओळ घासून देतो.’ वडिलांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. ‘पाटी केली त्या दिवशी ते खरं होतं, राहू दे,’ एवढेच ते बोलल्याचे आई सांगत असे. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे सरकारदरबारी बेळगावी झाले आणि आता तर निपाणी स्वतःच तालुका आहे. पाटीवरच्या पत्त्यापैकी निपाणी हे गाव तेवढे जागेवर राहिले. वडिलांनी पाटी पुसली, घासली, दर दसऱ्याला झेंडूची माळ घातली. अक्षर मात्र एक बदलले नाही.

ही पाटी आम्ही बेळगावच्या घरी आणली आणि येथूनच खऱ्या अडचणीला सुरुवात झाली. आमच्या घराच्या दारावर पाटी नव्हती असे नाही. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने चकचकीत पोलादी पत्र्याची, यंत्राने कापलेल्या अक्षरांची एक पाटी पाठवली होती. तिच्या पाठीला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी होती. ‘बाबा, एकही भोक पाडायचे नाही,’ असे तिने बजावले होते. बेळगावचा आषाढ त्या पट्टीने पाहिलेला नव्हता. एका पहाटे पाटी तुळशीवृंदावनात सापडली.

सौभाग्यवतींचे म्हणणे साधे होते. वडिलांच्या पाटीला चार कोपऱ्यांना चार भोके आहेतच, चार स्क्रू मारा आणि मोकळे व्हा. सांसारिक दृष्टीने यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. तरीही आम्ही अडून बसलो. न दिसणाऱ्या आधारावरच पाटी टांगायची, असा आमचा हट्ट.

दर्शनी स्क्रूविषयी आमचा राग जुना आहे. आम्ही लहान असताना गावात खतांचे एक दुकान होते. त्याच्या पत्र्याच्या फलकावर ‘खत विक्री केंद्र’ अशी अक्षरे होती. फलक वाऱ्याने हलू लागला म्हणून कोणीतरी मधोमध आणखी एक स्क्रू मारला, तो नेमका ‘ख’च्या डोक्यावर. त्या दिवसापासून ते ‘खंत विक्री केंद्र’ झाले. आम्ही मुले शाळेतून येताना थांबून मोठ्याने वाचत असू. आमच्या व्याकरणाच्या शिक्षणाचा प्रारंभ तेथे झाला म्हटले तरी चालेल. ज्या भाषेत एका टिंबाने शेणखताची खंत होते, त्या भाषेच्या पाटीवर स्क्रूचे डोके कोठे यावे याचा विचार सुताराने नव्हे, मराठीच्या मास्तराने करायला हवा.

विनोद सोडला तरी कारणे उरतात. पितळेत लोखंडी स्क्रू मारला की आमच्याकडच्या पावसात तो गंजतो आणि तांबूस ओघळ अक्षरांवरून खाली उतरतात. वडिलांच्या पाटीवर उजव्या कोपऱ्यातून निघालेला असा एक ओघळ नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचला होता; चिंच आणि राख लावूनही तो पुरता गेला नाही. दुसरे कारण चोरीचे. पितळ आता महाग आहे आणि समोर दिसणारा स्क्रू म्हणजे चोराला दिलेली किल्लीच. आमच्याच गल्लीतील दोन पाट्या एका रात्रीत गेल्या.

एवढे सगळे खरे असले, तरी न दिसणाऱ्या आधाराचा हट्ट आम्ही पूर्वी एकदा धरला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती. ती हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी खानापूर भागातील एका खेड्यात सरकारी मराठी शाळेवर आम्ही प्रभारी मुख्याध्यापक म्हणून गेलो. वय पस्तिशीच्या आतबाहेर, एम. ए. होऊन फार वर्षे झालेली नव्हती, आणि आपल्याला सगळे कळते अशी खात्री. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या छपराची दुरुस्ती करून दिली आणि देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी करून आणली. तीन फूट लांब, दीड फूट उंच, चार मिलिमीटर जाड. जवळजवळ चौदा किलोंची ती पाटी दोघांनी उचलून आणली. नावे इतकी दाटीने कोरलेली की कोपऱ्यांतही मोकळी जागा नव्हती. स्क्रू मारायचा म्हणजे कोणाच्या तरी नावातून मारावा लागणार. आम्ही ठणकावून सांगितले, की एकाही नावाला भोक पडता कामा नये. शाळेचे शिपाई अनुभवी होते. भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूने नट आवळू, असे ते म्हणाले. आम्हांला ते ओबडधोबड वाटले. पाटीच्या पाठीला दोन कड्या डाखून घेतल्या, भिंतीत दोन लांब खिळे ठोकले आणि पाटी अडकवली. समोरून खिळा दिसत नव्हता, कडी दिसत नव्हती. पितळ नुसते भिंतीवर तरंगत होते. समारंभात पाहुण्यांनी या मांडणीचे कौतुक केले, तेही आम्ही स्वीकारले.

अकराव्या दिवशी मधल्या सुटीत पाटी पडली. चौथीतील एक मुलगी व्हरांड्यात भिंतीला टेकून डबा खात होती. पाटी तिच्या डोक्यावर पडली नाही, पायावर पडली. आम्ही धावलो तेव्हा ती रडत नव्हती, पांढरीफटक पडून पायाकडे पाहत होती. मोटारसायकलवर तिला पुढ्यात घेऊन दवाखान्यात नेले. दोन बोटांची हाडे मोडली होती. त्या सहा मैलांत आम्ही देवाला जे जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही.

तिची आई कौलांच्या भट्टीवर कामाला होती. संध्याकाळी ती शाळेत आली. अंगावर माती तशीच. ती आम्हांला बोलेल, ओरडेल, गाव गोळा करील, असे वाटत होते. तसे झाले असते तर बरे वाटले असते. तिने व्हरांड्यातील भिंतीची दोन भोके पाहिली. एका भोकात बोट घातले, फिरवले. बोटाबरोबर भुरभुर माती बाहेर आली. वरून चुन्याचा हात फिरवलेला, आत नुसती पांढरी माती.

“गुरुजी, ही मातीची भिंत की ओ,” ती म्हणाली. “हिच्यात खिळा धरतोय व्हय? आम्हांला इचारला असतासा तर सांगितलं असतं.”

एवढेच बोलून ती मुलीला पाहायला गेली.

पाटीचे वजन आम्ही मनात धरले नव्हते असे नाही. खिळे जाड आणले होते, कड्या भक्कम होत्या. परंतु खिळ्याला ज्याने धरायचे ती भिंत काय आहे, हा प्रश्नच आमच्या मनात आला नाही. वर्गाचे दार दिवसातून पन्नास वेळा आपटे. प्रत्येक हादऱ्याला खिळा आतल्या मातीत किंचित कलत गेला असणार आणि पाटीने झाकल्यामुळे ते कोणाला दिसलेही नाही. स्क्रूचे डोके समोर असते तर निदान ते वाकल्याचे कळले असते. न दिसणाऱ्या आधारात हा मोठाच दोष आहे. तो सुटू लागला तरी दिसत नाही.

औषधपाण्याचा खर्च आम्ही केला, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पाटी मग शिपायांनी आरपार बोल्ट घालूनच बसवली. दोन देणगीदारांच्या आडनावांतून भोके गेली. त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली नाही. ती मुलगी तीन-चार महिन्यांनी धावू लागली. चार वर्षांपूर्वी लग्नाची पत्रिका घेऊन ती आमच्या घरी आली होती. दाराशी चपला काढताना तिने पायाकडे पाहिले नाही, आम्ही पाहिले. करंगळी अजून थोडी वाकडी आहे.

त्यामुळे वडिलांची पाटी बसवण्यापूर्वी या वेळी आम्ही आधी विचारायचे ठरवले. उद्यमबागेतील एका ओतशाळेत उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक कारागीर आमच्या ओळखीचे आहेत. जातीने कासार, वय सत्तरीच्या पुढे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी पाटी हातात घेतली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, उलटी करून ते तीन ‘ण’ पाहिले आणि खूश होऊन म्हणाले, “हाताचं काम हाय बघा हे.” मग आमच्या ओसरीवर बसून त्यांनी दोन घटका आमचा वर्ग घेतला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे पितळ माळ्यावर पडले असेल, आणि इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथील जुन्या मराठी घरांत ते असतेच असते, तर त्यांना उपयोग होईल म्हणून त्यातले मुख्य तेवढे लिहितो.

समोरून काही न दिसता धातूची पाटी भिंतीवर धरायची, तर तीन वाटा आहेत. पहिली, पाठीला आटे पाडलेल्या पितळी सळया डाखायच्या, भिंतीत त्या मापाची भोके पाडायची, त्यांत चिकट मसाला भरायचा आणि पाटी दाबून बसवायची. ही सर्वांत पक्की. पण पाटी पुन्हा काढायची झाल्यास भिंत फोडावी लागते. दुसरी, पाठीमागे किल्लीच्या भोकासारखी खाच ठेवायची, खाली रुंद आणि वर अरुंद. भिंतीतल्या स्क्रूचे डोके रुंद भागातून आत घालायचे आणि पाटी खाली सरकवायची. घड्याळे अशीच टांगलेली असतात. हलक्या पाटीला ती पुरते, पण खालून धक्का बसला की पाटी उचलली जाते. तिसरी वाट मामांच्या आवडीची. पितळेच्या दोन पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासायच्या. एक पट्टी तिरपी कड वर करून भिंतीवर, दुसरी तिरपी कड खाली करून पाटीच्या पाठीवर. वरची खालचीत जाऊन बसते. गंमत अशी, की पाटीचे वजन जितके अधिक तितकी ती भिंतीकडे अधिक ओढली जाते. आमच्या चौदा किलोंच्या पाटीला वजनानेच भिंतीपासून दूर लोटले होते. येथे तेच वजन तिला भिंतीशी धरून ठेवते.

आम्ही तिसरी वाट पसंत केली. मामांनी मान हलवली.

“गुरुजी, पट्टी डाखायची कशी? तापवलं की लाख वाहून जाणार.”

हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. कथील आणि शिसे यांचा मऊ डाख घेतला तरी तो वितळायला १८३ अंश उष्णता लागते. लाख ऐंशी अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागते. पाठीमागे पट्टी चिकटेपर्यंत समोरून वडिलांचे नाव गळून पडायचे. नवी लाख भरता येईल, मामा म्हणाले. पण ती नवी असेल. सत्तर वर्षांत त्या लाखेला सूक्ष्म तडे गेले आहेत. एका अक्षराच्या कोपऱ्यातला लहानसा टवका आम्हीच बालपणी खिळ्याने काढलेला आहे. त्याबद्दल खाल्लेला मारही स्मरणात आहे. ती लाख आम्हांला तशीच हवी होती.

अशा वेळी मास्तराला इतिहास आठवतो. आमच्या खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांचे ताम्रपट सापडले, त्यांतील सर्वांत जुना पाचव्या शतकातील मानतात. ताम्रपट भिंतीवर टांगण्यासाठी नसत, एका कडीत ओवून ठेवण्यासाठी असत. तरी जुन्या ताम्रपटांत कडीच्या भोकाभोवती जागा राखून अक्षरे कोरलेली दिसतात, आणि पुष्कळदा पत्र्याच्या कडा थोड्या उंच उचललेल्या असतात, म्हणजे एकावर एक ठेवले तरी अक्षर घासले जाऊ नये. धरायचे ते काठाला, अक्षराला नव्हे. आम्ही हे मामांना सांगितले. त्यांनी ताम्रपट कधी पाहिलेला नसावा, पण ते लगेच म्हणाले, “म्हंजे कोंदण करायचं की.”

सोनार खड्याला करतो तसे कोंदण. पितळेच्या पट्टीची चौकट वाकवायची, तिला आत वळलेली बारीक ओठी ठेवायची. चौकटीच्या पाठीवर तिरपी पट्टी आधीच टाकणखार लावून, लाल होईपर्यंत तापवून पक्की झाळून घ्यायची. सगळा जाळ संपला, चौकट निवली, की एका बाजूने पाटी आत सरकवायची. पाटीला ना उष्णता लागते, ना नवे भोक पडते. शिवाय मनात येईल तेव्हा ती बाहेर काढून मागचे ‘ण’ही पाहता येतात.

चौकटीचे माप घेताना मात्र मामा थबकले. ओठी पाव इंच रुंद धरली होती. वरच्या आणि बाजूच्या काठांना तेवढी जागा मोकळी होती. खालच्या काठाला नव्हती. खालची ओठी आली की तिसरी ओळ झाकली जाणार होती.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “झाकलं तर बरंच की ओ. तुम्ही सरकारी माणूस.”

आम्ही कर्नाटक शासनाचे पगारी सेवक आहोत, हे खरे आहे. गेली कित्येक वर्षे याच शासनाच्या शाळेत मराठी मुलांना आम्ही मराठीतून शिकवतो आणि त्याबद्दल वेतन घेतो. आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे सहकारी आहेत, त्यांच्या घरचा सणाचा होळिगे आमच्याकडे येतो आणि आमची पुरणपोळी त्यांच्याकडे जाते. दोन्हींत फरक काय, यावर दरवर्षी वाद होतो. पाट्यांच्या भाषेवरून या भागात काय काय झाले, हे आम्ही पाहिलेले आहे. २०१४ साली येळ्ळूरचा फलक पाडला गेला, त्या दिवसांत आम्ही शाळेत होतो आणि मुले काय विचारीत होती तेही आमच्या लक्षात आहे. दुकाने आणि व्यवसाय यांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवे, अशी कायद्यातील दुरुस्ती २०२४ साली झाली. घराच्या भिंतीवरच्या नावाच्या पाटीला ती लागू नाही. हे सगळे मनात एकदम येऊन गेले. येऊ नये असे वाटले तरी आले.

घरी सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, “ती ओळ आता कोण वाचतंय? अक्षरं दिसली काय नि न दिसली काय.” कन्येला दूरध्वनीवर विचारले. ती म्हणाली, “बाबा, तिला काही अर्थच उरलेला नाही, पत्ता चुकीचा आहे.” दोघींचेही म्हणणे खोटे नव्हते. आम्ही दोन दिवस काही ठरवले नाही. पाटी जेवणाच्या टेबलावर होती. तिसऱ्या ओळीवर आडवा तळवा ठेवून आम्ही पाहिले. तळव्याखाली ओळ झाकली जाई आणि वर उरे ते नाव वडिलांचे असूनही वडिलांचे वाटत नसे. त्यांनी कानस परत पाठवली होती. आमची ओठी म्हणजे तरी दुसरे काय झाले असते? कानशीने निदान ओळ उघडपणे गेली असती.

मामांना जाऊन सांगितले, की खालची ओळ दिसली पाहिजे, कसे ते तुम्ही पाहा. त्यांनी ‘का?’ असे विचारले नाही. खालची ओठी सलग न ठेवता केवळ दोन कोपऱ्यांत, नखाएवढी ठेवली. अडीच किलोंची पाटी दोन नखांवर उभी राहील का, ही आमची शंका. ते म्हणाले, पाटी ओठीवर उभी राहत नाही, ती चौकटीच्या तळपट्टीवर उभी राहते. ओठी फक्त पुढे पडू देत नाही. मातीच्या भिंतीचा धडा घेतलेला माणूस शंका विचारायला आता लाजत नाही.

भिंतीची परीक्षा आम्ही स्वतः घेतली. आमचे घर विटांचे, वरून सिमेंटचा गिलावा. बोटाच्या सांध्याने ठोकत गेलो. एका ठिकाणी बद्द आवाज आला, तेथे गिलावा विटेपासून सुटलेला होता. ती जागा सोडून चार बोटे डावीकडे सरकलो. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर चौकटीची आकृती काढून तो भिंतीला चिकटवला, पाणसळ लावून रेघ सरळ केली आणि कागदावरूनच भोकांच्या खुणा केल्या. गिलावा पाऊण इंच जाड असतो. तेवढ्यात अडकलेला स्क्रू म्हणजे कपड्याच्या अस्तराला धरून माणूस उचलण्यासारखे. म्हणून भोके दोन इंच खोल, विटेच्या पोटात गेली. आत प्लॅस्टिकची गिट्टी, आणि स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे. भोक पाडताना बाहेर येणारी भुकटी आम्ही तळहातावर घेऊन पाहत होतो. प्रथम करडी आली, मग लाल. लाल दिसली तेव्हा जिवात जीव आला.

भिंतीवर पट्टी बसली, परंतु पाटी लगेच चढवली नाही. चौकट आणि पाटी मिळून चार किलो. आम्ही पट्टीला दोरी बांधून वीस किलो तांदळाची पिशवी टांगली आणि तीन दिवस तशीच ठेवली. येणारा-जाणारा विचारी, दारात तांदूळ का टांगले आहेत, काही नवस आहे का. सौभाग्यवतींना त्याचा फार संकोच झाला. तीन दिवस आम्ही जाता-येता मुद्दाम दार आपटले. रोज सकाळी पट्टीच्या कडेला पेन्सिलने केलेली खूण पाहिली. पट्टी केसभरही खाली आली नव्हती.

चौथ्या दिवशी तांदूळ उतरवले आणि पाटी चढवली. मामा आले होते. वरची पट्टी खालचीत जाताना ‘खट’ असा बारीक आवाज झाला. तळाशी, जेथे वाकून वर पाहिल्याखेरीज दिसत नाही, तेथे त्यांनी एक बारीक स्क्रू आवळला. त्यामुळे पाटी आता कोणाला वर उचलता येणार नाही. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट आहे, पावसाचे पाणी तेथून वाहून जाते. समोरून खिळा, स्क्रू, कडी काहीही दिसत नाही. मामांनी मजुरी घेतली नाही. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाले, नातवाचा दहावीचा मराठीचा पेपर आहे, तेवढे बघा. तेव्हापासून तो मुलगा रविवारी सकाळी आमच्याकडे येतो. त्याचे अक्षर चांगले आहे, शुद्धलेखन नाही.

पोस्टमनने पहिल्या दिवशी पाटी वाचली. तिसऱ्या ओळीपाशी थोडा थांबला, आमच्याकडे पाहून हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, “हळेदु, सर.” जुनी आहे. आम्ही हो म्हटले.

चार कोपऱ्यांची जुनी भोके आम्ही बुजवली नाहीत. मामा पितळी रिबेटा मारून कानशीने सपाट करून देणार होते, नको म्हटले. आता उजव्या वरच्या भोकात, जेथून तो गंजाचा ओघळ आला होता तेथे, एका कुंभारीण माशीने ओली माती आणून भरायला सुरुवात केली आहे. सौभाग्यवती केरसुणी घेऊन उभ्या असतात. आम्ही त्यांना थोडे थांबा म्हणून सांगितले आहे.